जुईचा डावा हात

शुक्रवारी सकाळी जुईच्या नावापुढे नारिंगी रेघ उमटली, तेव्हा सुलेखाताई पोरांसाठी कणीक मळत होत्या.

बंदरालगतच्या त्यांच्या बालवाडीत आठवडाभर एकच चित्रपुस्तक चाललं होतं. वाढत्या अंगाला पुरेल असा शंख शोधत सगळा किनारा पालथा घालणाऱ्या खेकड्याची ती गोष्ट. सोमवारी मुलांनी शिंपले लहान-मोठे क्रमाने लावले, मग ओल्या वाळूत बिळं खणली, आता कणकेचे शंख करायचे होते. हे सगळं व्हायचं स्पर्शपटावर. दिसायला ती साधी निळी चटई. पण तिच्या विणीत केसाहून बारीक संवेदक होते. कोणतं बोट किती दाबलं, कोणता हात कुठे अडखळला, सारं ते टिपायचे. डॉक्टरांना जे दुखणं दोन वर्षांनी कळलं असतं, ते चटईला मुलांच्या खेळात आधीच दिसायचं. गेल्या वर्षी एक मूल तिच्यामुळेच वेळेवर उपचारांना लागलं होतं.

चटईला जोडलेल्या पडद्यावर लिहिलं होतं: ‘जुई तांडेल, वय चार. पाच दिवसांत डाव्या हाताचा वापर जवळजवळ शून्य. मेंदूविकाराची शक्यता सत्त्याऐंशी टक्के. हरकत नसल्यास आज चार वाजता अहवाल आरोग्यनोंदीत जाईल.’

आरोग्यनोंद पुसता येत नसे. शाळा असो, विमा असो, पुढे नोकरी असो, ती माणसाच्या आधी दारात पोचायची. पण हरकत घेतली आणि दुखणं खरंच असलं, तर?

 सुलेखाताईंनी जुईकडे पाहिलं. पोर मजेत उजव्या हाताने कणीक थापत होती. डावा हात फ्रॉकच्या खिशात होता. पाच दिवस ही आपल्या डोळ्यांसमोर होती, आणि आपल्याला दिसलं नाही!

जुईची आई प्रणिता मासळीच्या कारखान्यात कामाला. सहापर्यंत तिचा फोन लागत नसे. बारा वाजता नेहमीप्रमाणे शैलाआजी नातीला न्यायला आली. जुईला दिवसभर तीच सांभाळायची.

“आजी, जरा बसा. जुई घरी जेवते कशी? दोन्ही हातांनी काही धरते का?”

“धरते की. का हो बाई?” आजी चटईच्या कडेला टेकली. ओढणी तिने डाव्या बाजूला ओढून घेतली.

सुलेखाताईंना ते खटकलं. त्यांनी कणकेचा गोळा आजीपुढे ठेवला. “नातीबरोबर एक शंख करा बघू.”

“माझं काय वय आहे का खेळायचं?” आजी हसली, पण जुईने हट्टच धरला. आजीने एका हाताने गोळा दाबला, हनुवटीने ओढणी सावरली. शेजारी जुई तशीच बसली होती. तसाच उजवा हात पुढे, तशीच हनुवटी खाली. चटई गप्प होती. ती फक्त लहान हात वाचायची. मोठ्यांचे हात तिच्या हिशेबातच नव्हते.

“जुई, खेकड्याला नांग्या किती?”

“दोन!”

“मग दुसरी कुठे गेली?”

जुईने आजीकडे पाहिलं, मग खिशातून हात काढला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत कणीक धरून चांगली खेचली. डाव्या हाताची बोटं खणखणीत चालत होती. मग ती हळूच म्हणाली, “पण आजी असाच ठेवते.”

आजीचा चेहरा उतरला. तिने ओढणी बाजूला केली. डावा हात मांडीवर निपचित पडला होता.

“चार महिने झाले, बाई. एका सकाळी कपबशी सुटली हातातून. प्रणिताला सांगू नका. तिला कळलं तर काम सोडून घरी बसेल. मोठ्या मुश्किलीने उभी राहिली आहे ती.”

सुलेखाताईंनी पडद्यावर हरकत नोंदवली. कारण लिहिलं: ‘मूल घरातल्या माणसाची नक्कल करते.’ लगेच पुढची चौकट उघडली: ‘कोणाची? नाव आणि नाते भरल्याशिवाय हरकत ग्राह्य नाही. संबंधित व्यक्तीचीही नोंद होईल.’

साडेबारा झाले होते. त्यांनी जुईचा अहवाल आणि ही चौकट आजीला वाचून दाखवली. “तुमच्या परवानगीशिवाय मी हे भरणार नाही,” त्या म्हणाल्या. पण आजी नाही म्हणाली तर चारच्या आत काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आजीने जुईच्या हातांकडे पाहिलं.

“लिहा माझं नाव,” ती म्हणाली. “आणि प्रणिताला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून निघायचं नाही.”

चारला दहा मिनिटं असताना हरकत मंजूर झाली. नारिंगी रेघ गेली.

संध्याकाळी सुलेखाताईंकडून कळताच प्रणिता आईला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी होऊन गेली होती. लगेच आणलं असतं तर हात पुष्कळसा वाचला असता, डॉक्टर म्हणाले. आता व्यायामाने येईल तेवढा येईल. प्रणिताने काम सोडलं नाही, रात्रपाळी मागून घेतली. आईशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा दारात उभी होती. आत जुई दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. तेवढ्यात वाळूच्या पाटीची कड तिच्या बोटाला लागली. डोळ्यांत पाणी आलं. पण तिने इकडेतिकडे पाहून ते पटकन पुसलं आणि हसून दाखवलं.

आजीने ते पाहिलं. सुलेखाताईंनीही पाहिलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

“हात लपवायचं तर सुटलं, बाई,” आजी खालच्या आवाजात म्हणाली. “पण माझं बघून ही आणखी काय काय लपवायला शिकली असेल?”