मागच्याला वाट

बावीस वर्षं मी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. आरसा, इंडिकेटर, मग वळण. घाबरट डॉक्टर, नवऱ्याशी भांडून हट्टाने शिकायला आलेल्या बायका, निवृत्त झालेले एक न्यायाधीश, सगळ्यांना मी हे तीन शब्द याच क्रमाने पाजले. दोन गोष्टी माझ्या पदरच्या होत्या. एक म्हणजे, मागच्याला घाई असेल तर त्याला हात दाखवा, जाऊ द्या, आपलं काय जातं? आणि दुसरी, आरशात न दिसणारी आंधळी जागा. गाडीच्या खांद्याशी ती असते. 'तिथे कुणी दिसत नाही म्हणजे कुणी नाही असं समजू नका,' हे वाक्य मी झोपेतही बडबडतो असं बायको म्हणायची.

अशा माणसाने एक्कावन्नाव्या वर्षी निळी स्पोर्ट्स मोटरसायकल घेतली. का, असं विचारणाऱ्याने बावीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ताशी वीसच्या वेगाने गाव बघावं, म्हणजे कळेल. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने अट घातली.

"एकदा ट्रॅकवर जाऊन हौस फेडून घ्या," ती म्हणाली. "जसे जाताय तसेच परत आलात तर ठेवा गाडी. एक ओरखडा दिसला, तर ती माझ्या दारात उभी राहणार नाही."

"गाडीवर ना?"

"गाडीवर किंवा तुमच्यावर."

"माझ्यावर दिसला तर मी कुठे उभा राहू?"

"ते ओरखडा बघून ठरवू."

आम्ही मेहुण्याच्या टेंपोतून निघालो. गाडी मागे दोरांनी बांधलेली, पुढे तो, मी आणि मधे बायको. मेहुण्यालाही मीच शिकवलं होतं. अट ठरल्यापासून त्याची माझ्याशी वागणूक फार गोड झाली होती, कारण गाडी दारातून हलली तर ती कुणाच्या दारात जाणार हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. "भाऊजी, मोकळेपणाने चालवा हं," असं तो वाटेत चार वेळा म्हणाला.

ट्रॅक गावाबाहेर, उघड्या माळावर. डांबराची काळीभोर पट्टी, अकरा वळणं, प्रत्येक वळणाच्या बाहेर खडीचा पट्टा आणि तिथे झेंडा घेऊन बसलेला एकेक माणूस. एका बाजूला पत्र्याची शेड. फाटकावर वही. तिच्यात सही करून आत जायचं, जाताना पुन्हा सही करायची. शेडमध्ये गाडीची तपासणी झाली. तपासनिसाने चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि माझ्या गाडीचे दिवे झाकले. मग तो आरशांकडे वळला.

"आरसे कशाला?" मी विचारलं.

"इथे मागे बघायचं नाही."

"मागून कुणी आलं तर?"

"तर त्याचं तो बघेल."

बावीस वर्षांची पुण्याई त्याने दोन पट्ट्यांत गुंडाळली. मला भर माळावर अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं वाटलं.

आम्ही सहा जण नवीन होतो. शिकवणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. इतरांना ती नावाने हाक मारत होती आणि मला काका म्हणत होती. तिने नियम सांगितला तो एकच, पण तीनदा सांगितला. "ट्रॅकवर कुणी कुणाला हात दाखवायचा नाही. कुणी कुणाला वाट द्यायची नाही. ज्याला पुढे जायचंय तो आपला आपण जातो. तुम्ही तुमची रेघ सोडायची नाही." तिसऱ्यांदा सांगताना ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या चेहऱ्यावर सभ्यपणा दिसत असावा.

पहिल्या खेपेला मी प्रत्येक वळणाआधी हात बाहेर काढला. काढायचा नव्हता, पण हात माझं ऐकेना. बाकीचे पाच जण पहिल्या दोन वळणांतच दिसेनासे झाले. मी आपला एकटा, ताठ बसून, जणू गाडीवर मागे परीक्षक बसलाय अशा बेताने चालवत होतो. तिसऱ्या चकरेत मला मागे इंजिनाचा आवाज आला.

माझ्या गाडीचा एक आवाज आहे. पुढच्या काचेचा स्क्रू सैल आहे, म्हणून मी तिथे परवान्याच्या जुन्या अर्जाची घडी कोंबली होती. तिसऱ्या गिअरमध्ये ती घडी टक टक वाजते. मागचा आवाज तसाच होता, टक टक सुद्धा. शेडच्या पत्र्यावरून प्रतिध्वनी येत असेल असं मी म्हटलं. पुढे शेड मागे पडली, दोन्हीकडे नुसता माळ, आणि टक टक चालूच होती.

उतरल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "माझ्या मागे कोण होतं?"

"काका," ती शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाली, "तुमच्या मागे कोण असणार?"

तिचं खरं होतं. माझ्याहून हळू चालवायचं तर गाडी ढकलत न्यावी लागली असती.

बायको कठड्याजवळ खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. मी समोरून गेलो की एक साल पदरात टाकायची, असा तिचा चकरा मोजायचा हिशेब. "सहा मारल्या ना?" मी विचारलं.

तिने साली मोजल्या. "अकरा."

"अकरा कशा? सहा मारल्या मी."

"दर वेळी दोनदा जात होतात. एकदा गेलात की मागोमाग पुन्हा. खरं तर बाराच व्हायला हव्यात, एकदा मी शिंकले." हे तिने अगदी सहज सांगितलं. माझ्या या छंदात सगळंच तिला विचित्र वाटत होतं, त्यात आणखी एक. "मी हात केला तर पहिल्यांदा बघितलंही नाहीत. दुसऱ्यांदा मात्र छान हात हलवलात."

मी हात हलवला नव्हता. मला ती दिसलीही नव्हती.

दुसऱ्या खेपेला जाण्याआधी मी तपासनिसाची पाठ बघून उजव्या आरशावरची पट्टी बोटभर सोलली. माणसाने जन्मभर आरशात बघून पोट भरावं आणि एक दिवस बघू नये, हे मला जमण्यातलं नव्हतं.

चौथ्या वळणाआधी मी बघितलं. बोटभर आरशात लाल हेल्मेट, निळं जाकीट, निळी गाडी, सगळं थेट माझ्यासारखंच. तो दोन सेकंदांचं अंतर ठेवून येत होता. मी शिकवतो ते बरोबर दोन सेकंदांचं अंतर, जे बावीस वर्षांत एकाही शिष्याने ठेवलं नाही. वळण जवळ आलं. त्याने हात बाहेर काढून वळणाची खूण केली.

मी घाईने नजर पुढे आणली. पण खरं सांगायचं तर मला थोडं कौतुकही वाटलं.

दुपारी मी कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर बायकोने तिथल्या तिथे दिवस आटोपता घेतला असता, आणि मेहुणा दोर घेऊन तयारच होता. एक खेप राहिली होती. एवढी बिनओरखड्याची पार पाडली की गाडी माझी. त्या मुलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, छान चाललंय. फक्त वाट देऊ नका कुणाला."

शेवटच्या खेपेला तो जवळ आला. दोन सेकंदांचं अंतर एक झालं, मग अर्धं. टक टक माझ्या कानाशी वाजायला लागली. त्याला घाई होती. मागच्याला घाई असली की माझ्या खांद्यात काहीतरी होतं, इतकी वर्षं होत आलंय. शेवटच्या चकरेत, लांबलचक सरळ पट्टीवर, मी डावा हात सोडला आणि तळवा पुढे केला. जा बाबा. आपलं काय जातं?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

तो बाजूने गेला. घासून नाही, व्यवस्थित अंतर राखून. जाताना त्याने मान लववून आभार मानले. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्या मुलीने सकाळी सांगितलं होतं की गाडी डोळे जातील तिकडे जाते. माझे डोळे त्याच्या पाठीवर होते आणि वळण डावीकडे होतं.

मी खडीत शिरलो आणि फार सावकाश पडलो. खुर्चीवरून घसरून खाली बसावं तसं. लागलं असं काही नाही. जाकिटाची डावी बाही कोपराशी फाटली, आत कातडी सोलवटली आणि गाडीच्या डाव्या अंगावर हातभर ओरखडा उठला. झेंडेवाला धावत आला.

"तो पुढचा थांबला का?" मी विचारलं.

"कुठला पुढचा? एकटेच होतात तुम्ही," तो म्हणाला. "हात कुणाला दाखवत होतात?"

गाडी खडीतून काढून सुरू व्हायला अर्धा तास गेला. शेडपाशी पोचलो तेव्हा खुर्ची घडी करून टेंपोत गेली होती. बायको पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर वाटाण्यांची पिशवी. मेहुण्याचा चेहरा पडलेला होता. त्याने टेंपो सुरूही केला होता.

"अहो?" ती म्हणाली. "तुम्ही तर गेलात ना घरी?"

"मी?"

"मघाशी आलात. पाणी प्यायलात. मी गाडी सगळीकडून तपासली, एक ओरखडा नाही. म्हटलं, ठेवा. तर म्हणालात, मी चालवतच घरी जातो, तुम्ही मागून या." मग तिचं लक्ष माझ्या कोपराकडे गेलं.

फाटकावरच्या वहीत माझी बाहेर पडल्याची सही होती. माझीच, शेवटी खाली दोन टिंबं देऊन केलेली. वहीवाला दुसरी सही घेईना. "एक माणूस एकदाच बाहेर जातो, साहेब," तो म्हणाला. शेवटी आम्ही तसेच निघालो.

बायको मधे बसली होती. ती मेहुण्याच्या बाजूला सरकून बसली होती.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दाराशी निळी मोटरसायकल उभी होती. आरशांवरच्या पट्ट्या नीट काढलेल्या. इंजिन निवताना वाजतं तसं वाजत होतं. घरात दिवा होता.

"भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला, "आता दोन झाल्या की." त्याच्या आवाजात भीती होती, पण आशाही होती.

बायको खाली उतरली. तिने दारातल्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग टेंपोमागे जाऊन दुसरीचा हातभर ओरखडा बघितला. मग माझं कोपर.

"ही तू घेऊन जा," ती भावाला म्हणाली. "दारात ओरखडा नको."

"आणि मी?" मी विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घरातल्या दिव्याकडे. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

"तुम्ही जरा इथेच थांबा," ती म्हणाली. मीटर बघायला आलेल्या माणसाशी ती असं बोलते.

तिने हात लावण्याआधीच दार उघडलं. तो माझा घरातला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून उभा होता. मीच होतो, न पडलेला. तो बाजूला झाला आणि त्याने डावा तळवा हळूच पुढे केला. या, आधी तुम्ही.

ती आत गेली.

दार लावण्याआधी त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मग खांद्यावरून मागे. सगळं बरोबर क्रमाने. मी दोन पावलांवर उजेडात उभा होतो. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि कुठे थांबली नाही.

कडी लागली.

मी वळलो. मेहुणा टेंपो मागे घेत होता. मी टेंपोच्या बरोबर मागे उभा होतो, म्हणून मी हात हलवला, मग दोन्ही हात. त्याने एका आरशात बघितलं, मग दुसऱ्यात. अगदी सावकाश, मी शिकवलंय तसं.

टेंपो मागे येतच राहिला.