टिन रूफचा आठवा बासवाला

बालारी शिडीवर उभी राहून पाटीवर १९७९ मधला शेवटचा नऊ ओढत होती. तेवढ्यात शिडी हलली आणि नवाला शेपूट फुटलं.

खाली एक मुलगा उभा होता. पाठीवर गिटारची भलीमोठी पेटी, पेटीचं टोक शिडीच्या पायरीत अडकलेलं, केसांवर रिमझिम पावसाचं पाणी.

"चुकलं, काँग," तो म्हणाला.

"ताई असल्यासारखं काँग काय म्हणतोस? मी लहान असेन तुझ्यापेक्षा. आणि हलू नकोस! आता हललास तर सगळं सालच जाईल."

तो हलला नाही. तिनं चिंधीला टर्पेंटाइन लावून शेपूट पुसलं, नऊ पुन्हा गोल केला, तोवर तो पेटीसकट खांबासारखा उभा राहिला. मग वर बघून म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"कूळ कोणतं?"

"आधी नाव विचारतात."

"नाव मागून कळलं तरी चालतं. कूळ आधी कळलेलं बरं. गेल्या वर्षी एका मुलीला मी तीन आठवडे चहा पाजला. चौथ्या आठवड्यात कळलं, आमच्याच कुळातली. म्हणजे बहीणच की! परवा तिच्या लग्नात खुर्च्या मांडून आलो."

बालारीनं हसू दाबायला ब्रशची दांडी दातांत धरली. मग ती काढून म्हणाली, "थांगखिएव."

"रिंजाह," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "जमतंय मग."

"काय जमतंय?"

"काही नाही... बोलायला जमतंय."

त्याचं नाव किरमेन. टिन रूफ या बँडचा नवा बासवाला, म्हणजे बास गिटार वाजवणारा, तीन महिन्यांपूर्वी घेतलेला. बँडला पंचेचाळीस वर्षं होत होती आणि त्यासाठी मावखारच्या सभागृहाच्या ओसरीत एक लांबलचक पाटी रंगवायची होती. बँडची सगळी वाटचाल, साल घालून. काम बालारीकडे आलं, कारण शिलाँगमध्ये हातानं अक्षर काढणारी दोनच माणसं उरली होती. एक ती आणि एक तिचे वडील, पण त्यांच्या गुडघ्यांना आता शिडी चालत नव्हती.

मजकूर बा वॉल्टननं स्वतः लिहून दिला होता. वॉल्टन म्हणजे टिन रूफचा गायक; 'बा' म्हणजे दादा. वय अडुसष्ट, केस अजून खांद्यापर्यंत, फक्त पुढून निघून गेलेले. १९७९: चर्चच्या युवक मेळाव्यात पहिला कार्यक्रम, दुसऱ्या गाण्याला वीज गेली, उरलेली सात गाणी लोकांनीच म्हटली. १९८७: संचारबंदीत, भरदुपारी, खिडक्या लावून कार्यक्रम. १९८९: बासवादक बदलला. १९९०: पहिली कॅसेट. तिथून पुढे सगळी चढण. मोठी मैदानं, विमानं, जर्मनी.

किरमेन दुसऱ्या दिवशीही आला. तालमीच्या तासभर आधी.

"शिडी धरायला माणूस लागतो," तो म्हणाला.

"हलवायला लागतो असं म्हण."

"ते कालचं. आज सुधारलोय."

तो रोज यायला लागला. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून बिनदुधाचा लाल चहा आणि केळीच्या पानात गुंडाळलेला पुतारो, तांदळाचं जाड धिरडं, आणायचा. बालारी वरून हात खाली करायची, तो कप द्यायचा. बोटांना रंग असायचा, कपाला लागायचा, मग त्याच्या बोटांना. तो ते पुसत नसे. एकदा तालमीत वॉल्टननं विचारलं म्हणे, "अरे, तुझा हात निळा का?" तर हा म्हणाला, "थंडीनं."

"आणि त्यांना पटलं?"

"बा वॉल्टनला गाण्याबाहेरचं काहीही पटतं."

पाचव्या दिवशी ती १९८९ वर आली. किरमेननं खालून वाचलं. "बासवादक बदलला. कोण होता तो? नावच नाही दिलं."

"माझे पा," बालारी म्हणाली.

त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. ही गोष्ट शिलाँगमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, फक्त ती या मुलीच्या घरातली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. टिन रूफमध्ये त्याच्याआधी सात बासवाले झाले, त्यातले सहा लग्न करून गेले. लोक म्हणायचे, या बँडला सासवांची दृष्ट लागली आहे. आमच्याकडे नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, आणि बायको घरातली धाकटी लेक असली तर विषयच संपला. घर तिचं, म्हातारे आईबाप तिचे, स्वयंपाकघरातला विस्तव तिचा. तिनं तिथून हलायचं नाही. मग जावयानं तरी गिटार घेऊन गावोगाव का हिंडावं?

"मेईशी लग्न केलं आणि बँड सोडला," बालारी म्हणाली. मेई म्हणजे तिची आई. "पुढच्याच वर्षी कॅसेट आली."

"तुझी मेई धाकटी?"

"धाकटी." तिनं ब्रश डबीत बुडवला, कडेला निथळला. "मीपण."

किरमेननं शिडी दोन्ही हातांनी नीट धरली. मग तो म्हणाला, "म्हणजे राहायला... मीच यायचं."

"तुला कुणी बोलावलंय?"

"नाही अजून. तयारी असावी."

ती हसली नाही. त्याच संध्याकाळी ओसरीत तो पुढचं बोलला. जानेवारीपासून बँडचा चार महिन्यांचा दौरा होता, आधी जपान, मग युरोप. रविवारपर्यंत वॉल्टनला कागदांवर सही हवी होती.

"मी विचार करतोय, नाहीच जात," किरमेन म्हणाला. "चार महिने फार होतात, बालारी. इथेही कामं मिळतात. लग्नसमारंभ असतात, चर्च असतं..."

"माझ्यासाठी?"

"मग काय वॉल्टनसाठी?"

हेच तर झालं होतं. असंच पा मेईला म्हणाले असतील, आणि मग पस्तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तिला तो हवा होता. हे तिला चौथ्या दिवशीच कळलं होतं. पण असा, कापून आणलेला, नको होता.

"उद्यापासून येऊ नकोस," ती म्हणाली. "शिडी मी भिंतीला बांधून घेईन. आणि सही कर. टिन रूफचा आठवा बासवाला माझ्या घरात बुडाला असं मला ऐकायचं नाही."

"माझं काय ते मी ठरवायचं ना?"

"ठरव की. माझं मी ठरवलं."

दोन दिवस ती सकाळी लवकर जाऊन काम उरकून आली. तो आला नाही. 'येऊ नकोस' म्हटल्यावर खरंच न येणारी माणसं फार छळतात.

शनिवारी दुपारी पा पुढच्या खोलीत एका जुन्या पाटीला काचकागद मारत होते. मेई शेजारी बसून क्वाईच्या विड्यासाठी सुपारी कातरत होती. बालारी उंबऱ्यात बसली.

"पा, तुम्हाला कधी वाईट वाटलं? बँड सुटल्याचं?"

पांचा हात थांबला. त्यांनी मेईकडे पाहिलं.

"सांगा आता," मेई म्हणाली. "पस्तीस वर्षं मी ऐकून घेतलंय."

"काय सांगायचंय?" बालारीनं विचारलं.

पांनी काचकागद झटकला. "मी वाईट वाजवायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट. ड्रम इकडे, मी तिकडे. वॉल्टन माझा बालमित्र. मला काढायचं कसं म्हणून दोन महिने धीर गोळा करत होता बिचारा. तेवढ्यात तुझी मेई हो म्हणाली. मी जाऊन सांगितलं, होणाऱ्या सासूबाईंना पसंत नाही, सोडतो. वॉल्टननं मला मिठी मारली. इतकी घट्ट मिठी तुझ्या मेईनंसुद्धा नाही मारली कधी."

"आणि बाकीचे? नंतरचे पाच?"

"सगळ्यांचं नाही ठाऊक. दोघं तर माझ्यापेक्षा वाईट होते. निमित्त चांगलं होतं, वापरलं त्यांनी."

"आणि नाव खराब माझं आणि माझ्या आईचं," मेई म्हणाली. "बाजारात अजून बायका सांगतात, हीच ती, टिन रूफचा बास गिळलेली."

"मग तू बोलली का नाहीस कुणाला?"

मेईनं क्वाईचा विडा गालात सारला. "नवरा बेताल आहे, हे गावाला सांगण्यापेक्षा त्यांची सासू कडक होती हे बरं. आणि वाजवणं सोडलं तर माणूस वाईट नव्हता."

पा पुन्हा पाटी घासू लागले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

बालारी उठली. एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिनं किरमेनला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. तालीम सुरू व्हायची तेव्हा ती ब्रश धुऊन घरी निघालेली असायची. आणि आता, उतरणीवरून जवळजवळ पळत जाताना, तिला नवीच धास्ती लागली. हाही वाईट वाजवत असला तर? तर हाही हेच निमित्त शोधत असेल... आणि त्याचं त्यालाही ठाऊक नसेल.

सभागृहात ती शेवटच्या बाकावर बसली. मंचावर चार म्हातारे आणि एक तो. त्यानं तिला पाहिलं नाही. खाली बघून वाजवत होता.

पहिलं गाणं संथ होतं. वॉल्टनचा आवाज वरच्या पट्टीत थोडा फाटला, आणि त्याच क्षणी खालून बास भरून आला. आवाज मोठा न करता, म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात द्यावा तसा. वॉल्टन सावरला. कुणाला कळलंही नसतं. मग ड्रमवाला घाईला आला, तर किरमेन जागचा हलला नाही. शांतपणे एकेक सूर टाकत राहिला, आणि पुढच्या कडव्याला ड्रमवालाच मुकाट्यानं परत आला.

गाणं संपल्यावर बालारी सरळ मंचापाशी गेली. म्हातारे तारा जुळवायचं विसरून बघत राहिले.

"तू चांगला वाजवतोस," ती म्हणाली.

किरमेननं आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या गिटारकडे पाहिलं. "हे सांगायला पळत आलीस?"

"हो. चांगला वाजवतोस, म्हणजे तुला निमित्त लागत नाही. सही कर."

"आणि तू?"

"मी इथेच आहे. धाकटी आहे, जाणार कुठे? चार महिने जा, नाहीतर चाळीस वेळा जा. घर माझं आहे, ते हलत नाही." तिनं बोटावरचा रंग नखानं खरवडला. "फक्त... दर वेळी परत तिथेच यायचं."

मागून वॉल्टन खाकरला. "मुली, याला घरी न्यायला आलीस की काय?"

"हो, बा," बालारी म्हणाली. "पण आज नाही. दौऱ्यानंतर, मे महिन्यात."