ओला रस्ता आणि आयविन

ऑक्टोबरमधली दुपार. हार्डांगर खाडीच्या कड्याकडेनं जाणाऱ्या रस्त्यावर पाऊस नुसता कोसळत होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स टोरुन, उशीर झाला म्हणून गाडी दामटत होती. वळण सरताच साचलेलं पाणी आलं, स्टिअरिंग एकदम हलकं झालं... घाबरून तिनं ब्रेक दाबला, चाकं वळवली — आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं गटाराशी थांबली.

मागची निळी गाडी मात्र बऱ्याच अंतरावर अलगद थांबली. एक उंच तरुण धावत आला.

"लागलं का कुठं?"

"नाही... तुम्ही इतके मागे होतात म्हणून वाचले. मघाशी आरशात बघून मी तुम्हाला गोगलगाय म्हणाले होते."

"म्हणा की! गोगलगाय कधी गिरकी घेताना पाहिलीत?" तो चाकाशी वाकला. "टायरच्या खाचा पार झिजल्यात. पाण्यानं जायचं कुठून? मी आयविन. ओल्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकवतो."

"आणि विद्यार्थी असे गटारात शोधता?"

तो असा हसला, की तिलाही हसू आलं.

नवे टायर बसले. शनिवारी ती त्याच्या, प्लॅस्टिकचे शंकू मांडलेल्या, शिकवणीच्या ट्रॅकवर हजर.

"गाडी पाण्यावर तरंगली की ब्रेक नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचल, स्टिअरिंग सरळ धर — आणि थांब. चाकांना रस्ता सापडू दे," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "आणि जिकडे जायचंय तिकडेच बघ. माझ्याकडे नाही."

"बघत नव्हते!"

"मग त्या शंकूला का ठोकलंस?"

चार शनिवार झाले. शिकवणी संपली. निरोप घेताना दोघंही घुटमळली... आणि आपापल्या गाडीकडे वळली.

नोव्हेंबरात ती आपल्या पेशंट ओडवेगआजींना दवाखान्यातून घरी आणत होती. उतारावर रस्ताभर पाणी. समोरून ट्रक. स्टिअरिंग हलकं झालं — तिनं पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं, श्वास रोखला. एक क्षण... दुसरा... चाकांनी रस्ता धरला. ट्रक शेजारून निघून गेला.

"गप्प का झालीस गं?" आजींनी विचारलं. "आणि रडतेस कशाला?"

आजींना घरी पोचवून ती थेट ट्रॅकवर गेली. आयविन भिजलेले शंकू गोळा करत होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"थँक्यू म्हणायला आले," ती म्हणाली. "आजींच्या वतीनं. आणि... माझ्या."

तो हातातले शंकू एकात एक बसवत राहिला.

"इतकी वर्षं शिकवतोय," तो हळूच म्हणाला, "लोक शिकतात नि जातात. कोण वाचलं, कुणी सांगायला येत नाही. तू पहिली आलीस. आणि टोरुन... मी रोज फाटकाकडे बघत होतो. तूच यावीस म्हणून."

तिनं त्याच्या हातातले शंकू काढून खाली ठेवले आणि ते गारठलेले हात आपल्या हातांत घेतले.