मागच्या बाजूचं गाणं

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. दीपमाला नव्या मंत्रालयात कारकून होती आणि समता कॉलनीत वडिलांसोबत राहायची. तिचे वडील शामराव सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यातून निवृत्त झाले, ते दोन्ही कान तिथंच ठेवून. घरातलं बोलणं पाटीवर चालायचं. ती लिहायची, ते वाचून ओरडून उत्तर द्यायचे.

आई, कमला, चैतात गेली. दीपमाला तेव्हा फायलींच्या वाटणीसाठी भोपाळला होती. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

आईची एक तबकडी मागं राहिली. गायिका मोठी नावाजलेली. पहिल्या बाजूचं गाणं लग्नाच्या दर मांडवात वाजायचं. आईचा जीव मात्र मागच्या बाजूवर, जी कधी कुणी मागितली नाही. दीपमालाला ते गाणं रडकं वाटायचं. आता रविवारी दुपारी ती तेच लावून बसू लागली आणि हळूहळू तिला ते उमगू लागलं. जिथं दुसऱ्या कुणी आवाज चढवला असता, तिथं ही बाई उतरवत होती. अंतऱ्याचा शेवटचा शब्द तर नुसत्या श्वासात विरायचा.

"गाते कुठं? समजूत काढते ती," आई म्हणायची.

आपण कधी दोन घटका थांबून हे तिच्यासोबत ऐकलं नाही, या विचारानं दीपमाला गाणं संपलं की सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायची.

तिसऱ्या रविवारी तिचं लक्ष गेलं. शामराव खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून होते. अगदी अचूक. समेवर हात पडत होता.

फरशीतून हादरे जात असतील, असं तिला वाटलं. तिनं त्यांना अंगणात नेऊन बसवलं. ठेका तसाच. मग तिनं आत येऊन सुई उचलली.

बोटं थांबली नाहीत.

तिनं पाटीवर लिहिलं, 'गाणं बंद केलं.'

शामराव वाचून हसले. "काहून मजाक करून राहिली पोट्टे? आता तर अंतरा सुरू झाला!"

पुढच्या रविवारी तिनं तबकडी कपाटातच ठेवली. वीज गेली होती, पंखा बंद. तीनच्या सुमाराला लाकडावर नखं वाजू लागली.

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांच्या हातावर तिनं आपला हात ठेवला. तळव्याखाली बोटं हलतच राहिली. तिनं डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. शेजारच्या कुकरची शिटी तेवढी ऐकू आली.

मग बोटं आपणहून थांबली.

शामरावांनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. कान गेल्यापासून ते कधी हळू बोललेच नव्हते. आता बोलले, ते अगदी हलक्या आवाजात.

"हव, आहे ना. हे काय, माझा हात धरून बसली."

ते जरा थांबले, ऐकत असल्यासारखे. मग त्यांनी दीपमालाचा हात उचलला आणि दारातल्या रिकाम्या जागेकडे पुढं केला.

तिनं तो मागं घेतला नाही.