खोकला लपवणारा बेकरीवाला

शेजारच्या कचेरीतल्या साहेबांनी आपल्या लोकांच्या छातीची तपासणी ऐनवेळी पुढे ढकलली, म्हणून तपासणी करणारी ती संशोधक आठवडाभर आधीच बेकरीत शिरली... आणि दारातच थबकली. पिठाच्या धुरळ्यात बेकरीवाला टेबलाला टेकून खोकत होता. खोकला थांबता थांबेना!

दरवर्षी ती यायची तेव्हा स्वारी कशी कडक इस्त्रीत, ताजीतवानी असायची. श्वास मोजायच्या नळीत अशी फुंक मारायचा, की यंत्रालाच दम लागावा. "खास तुमच्यासाठी फुंकली हं," म्हणायचा. तीही लाजायची, खोटं कशाला बोला?

"तुम्ही यायच्या आधी भाऊजी आठवडाभर सुट्टी घेतात," गल्ल्यावरच्या वहिनीनं त्याचं पितळ उघडं पाडलं. "पीठ म्हणून अंगाला लागू देत नाहीत."

"वहिनी!" तो ओशाळला.

ती त्याच्यावर भडकलीच. "अहो, पिठात राबणारे आणि कचेरीत बसणारे, असे दोन्हीकडचे लोक आम्ही वर्षानुवर्षं तपासतो. कोणाची छाती जास्त बिघडते ते कळावं म्हणून! तुम्ही असं सोंग केलंत, तर पीठ साळसूदच ठरेल की."

त्यानं मान खाली घातली. "पहिल्या वर्षी तुम्हीच म्हणालात... अभ्यासात फक्त निरोगी माणसं घेतो. मला वाटलं, खोकला दिसला की नाव कापणार. मग तुम्ही कशाला याल?"

घ्या! माणसं निरोगी लागतात ती सुरुवातीला. पुढे कोणी आजारी पडलं, तर नाव कापत नाहीत. उलट तेच तर टिपायचं असतं. हे सगळं ती समजावू लागली, पण मध्येच तिच्या लक्षात आलं. तिच्या घटकाभराच्या भेटीसाठी हा वेडा दुखणं अंगावर काढत बसला होता.

"यापुढे तुमची तपासणी माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण करेल," ती म्हणाली. "सुट्ट्यांचं तिला खरं खरं सांगायचं."

त्याचा चेहरा पडला. "चुकलो मी. पण एवढी शिक्षा?"

"शिक्षा कसली? जो माणूस आवडतो... त्याची मापं आपण घेऊ नयेत. हात थरथरतो."

पाव बांधता बांधता वहिनीनं कान टवकारले.

"आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. मीपण येणार आहे."

"अभ्यासातर्फे?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही." तिनं त्याच्या बाहीवरचं पीठ झटकलं. "माझ्यातर्फे."