घसाऱ्याची सवय

"मागे झुकलास. परत मागेच झुकलास. अशानं तू जंगलापर्यंतसुद्धा पोचणार नाहीस, इंद्या. खालच्या गावाचं तर नावच काढू नकोस."

आबा पलंगावरून खिडकीबाहेर बघत हे म्हणाले आणि मी हातातली स्की भिंतीवर आपटली. म्हटलं, मग तुम्हीच जा की. बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली, कारण आबांना पलंगावरून दारापर्यंतही जाता येत नव्हतं.

हे सगळं मी ठोंब्याच्या आत बोलून ठेवतोय. ठोंब्या म्हणजे आमचा रोबो. नाव मीच ठेवलंय, त्याला चालतं. पुढेमागे कुणी पोरं या ठाण्यावर आलीच, तर त्यांना कळावं.

आबा माझ्या आईचे वडील. बर्फाचे शास्त्रज्ञ. हिमालयातलं हे बर्फ मोजायचं ठाणं त्यांनी उभं केलं. मी नववीत शाळा सोडली, घरात रोज भांडणं व्हायला लागली, तेव्हा आबा म्हणाले, त्याला माझ्याकडे पाठवा. आम्ही भोरकडचे, सह्याद्रीतले. बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितलेला.

मागचे हिवाळे इथं नीट बर्फच पडला नाही, स्की खेळायला कुणी येईना, म्हणून रोपवे बंद पडला. या वर्षी तोच बर्फ एकदम कोसळला. रस्ता गाडला गेला, संदेशाचा मनोरा आडवा झाला, आणि त्यातच आबांच्या फुप्फुसांत पाणी झालं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र आहे इथं, पण आता तेच धापा टाकतंय. आबांचे ओठ जांभळट दिसतात. खालच्या गावात सिलिंडर आहेत, ते पाठीवर घेऊन चढणारी माणसंही आहेत. त्यांना कळवायला फक्त कुणीतरी खाली पोचायला हवं. आणि इथं मी सोडून कोणी नाही.

पहिल्यांदा मी ठोंब्यालाच पाठवत होतो. दारातून बाहेर पडला आणि पोटापर्यंत रुतला.

"माझं वजन जास्त, पावलं लहान," तो रुतल्या जागेवरूनच म्हणाला. "म्हणून दाब (प्रत्येक बोटभर जागेवर पडणारा भार) जास्त. तुझं वजन स्कीच्या पूर्ण पट्टीवर पसरतं, म्हणून तू बर्फावर राहतोस. आता मला ओढून काढ."

ठाण्यामागे उंचवट्यांचा उतार आहे. गावातली बचाव पथकाची पोरं सराव करताना त्याच त्याच जागी वळायची. वळताना खरवडलेला बर्फ बाजूला साठत गेला, त्याचे ढीग झाले आणि मधे चर पडले. उतार संपला की देवदारांचं जंगल, त्याच्याखाली गाव.

पथकाच्या स्की ठाण्यावरच ठेवलेल्या असतात, त्यांतल्या लांब, कडक, लाल मी उचलल्या. शर्यतीच्या. सगळ्यात वेगात जायचं तर सगळ्यात वेगवान वस्तू घ्यायची, एवढं साधं. दुसऱ्याच उंचवट्यावर अडकून आपटलो. का, ते ठोंब्यानं फळी घेऊन दाखवलं. गटारावर टाकलेली फळी कशी दोन्ही काठांवर टेकते आणि मधे अधांतरी राहते? कडक स्की दोन ढिगांवर तशीच टेकते, आणि तिचं टोक पुढच्या ढिगात घुसतं. लवचीक स्की ढिगावर वाकते, चरात परत सरळ होते. मग फार रुंद स्की बघितल्या. त्या मऊ बर्फात मस्त तरंगतात, पण वळताना एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतात. झाडांत तेवढा वेळ कोण देणार? शेवटी राखाडी जोडी निघाली. उभी केली तर माझ्या नाकापर्यंत येते, पायाखाली मध्यम रुंद, आणि पुढचं टोक वर उचललेलं, मऊ. दिसायला अगदीच भिकार.

तीही घालून पडलो, उताणाच. पडतच राहिलो. आबांचा श्वास खिडकीतून ऐकू येत होता, म्हणजे तसं वाटत होतं. मला शाळेत काही जमलं नाही, घरी जमलं नाही, आणि आता इथंही आबा माझ्यामुळेच जाणार, हे डोक्यात पक्कं बसलं. बर्फातच बसून राहिलो. उठावंसंच वाटेना.

बसल्या बसल्या माझ्या खुणांकडे लक्ष गेलं. स्कीच्या मागच्या टोकाची खूण खोल गेली होती, पुढच्याची जेमतेम ओरखड्याएवढी. सगळीकडे तेच. म्हणजे माझं सगळं वजन मागे. मग आठवलं. आमच्याकडे गडावरून घसाऱ्यावर, सुट्या मुरमाच्या उतारावर, उतरताना टाच रोवायची आणि अंग मागे टाकायचं. चालायला लागल्यापासून हेच शिकलोय. पायांना दुसरं ठाऊकच नाही.

आत येऊन आबांना सांगितलं. त्यांना बोलताना दम लागत होता. म्हणाले, "दगडात टाच रुतते, म्हणून तिथं ते बरोबर. स्की वळते पुढच्या टोकानं. तिथं वजनच नाही तर ती तुझं का ऐकेल? नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली राहू दे."

तेवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. यंत्राची सुई हलली तेव्हा मी श्वास घेतला.

मग बाहेर गेलो आणि नडगी दाबून उतरलो. ढीग आला की गुडघे पोटाकडे घ्यायचे, चरात पाय सोडायचे. मोटरसायकलचा शॉकअप करतो तेच. डोकं एका उंचीवर राहतं, खालचे पायच वरखाली होतात. तीन ढीग ओलांडले, चौथ्याला पडलो. पण या वेळी कुशीवर पडलो, उताणा नाही.

जंगलाचं ठोंब्यानं सांगितलं. ज्या खोडाकडे बघशील त्याच्यावरच जाशील, कारण नजर जाते तिकडे खांदे वळतात आणि खांद्यांमागे स्की. म्हणून झाडं बघायचीच नाहीत, मधली पांढरी जागा बघायची. आणि बुंध्याशी अजिबात जायचं नाही. फांद्यांखाली बर्फ कमी साठतो, तिथं झाकलेला खड्डा असतो. आत गेलास तर कुणी काढायला नाही.

"एकट्यानं जंगलात जाऊ नये हा नियम आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, दुसरा माणूस दाखव.  मग त्यानं माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली.

मला अजून भीती वाटतेय. पाचवा ढीग मी अजून बघितलेला नाही. धुकं होतं म्हणून थांबलो आणि हे बोलत बसलो. आता ते खालून सुटायला लागलंय. झाडांच्या मधे पांढरे पट्टे दिसतायत, एकाला लागून दुसरा, अगदी गावातल्या धुरापर्यंत.

आबांना विचारलं, जाऊ का?  त्यांनी पांघरुणाखालून हात काढला आणि स्वतःच्या नडगीवर दोनदा थोपटलं.

जातो म्हणू नये. आबा, येतो. आता निघायलाच हवं मला.