पाय वर घ्या

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण इस्टेटीला लागू पडत नाही. तिथे मेलेली म्हातारी वेडीच असते. टेंभी नाक्यावरच्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात आईला वेडी ठरवायला असले सुपुत्र रोज येतात, आणि त्यांच्याच जिवावर माझं घर चालतं, हेही खरं.

दिपेश कोळी त्यातलाच. खाडीकाठचं जुनं घर बिल्डरला दिल्यावर त्याच्या आईला, मनुबाईला, बाळकुमच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता. हा राहायला डोंबिवलीत. आईकडे यायचा तो सणाला, जेवण्यापुरता. मृत्युपत्रात मनुबाईने फ्लॅट दिला हेमांगीला, वारलेल्या धाकट्या मुलाच्या बायकोला. शेवटपर्यंत म्हातारीचं सगळं तिनेच केलं होतं. दिपेशला ते मृत्युपत्र रद्द करून हवं होतं. हेमांगी केस हरली तर तिच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं.

"साहेब, डोकं पार गेलेलं तिचं," दिपेशने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत मनुबाई सोफ्यावर मांडी घालून ओरडत होती, "पाय वर घ्या रं, पानी आयलं!"

फरशी कोरडी ठणठणीत. असा पुरावा मिळायला नशीब लागतं.

तरी तडजोडीचं बोलून बघावं म्हणून अमावास्येच्या दुपारी दिपेशला घेऊन मी हेमांगीकडे गेलो. बोलता बोलता ती उठली, दाराशी काढलेल्या चपला उचलून कपाटावर ठेवायला लागली. माझ्या बुटांना मी हात लावू दिला नाही. मग ती सोफ्यावर पाय घेऊन बसली.

"भरतीची वेळ झाली. वकीलसाहेब, पाय वर घ्या."

मी हसलो. एक गेली, दुसरी तयार झाली.

"आई वेडीच होती! शपथेवर सांगेन मी कोर्टात," दिपेश तावातावाने म्हणाला. म्हणताना त्याचेही पाय सोफ्यावर होते.

"हे काय?"

"सवय, साहेब. जुन्या घरात उधाणाचं पाणी आत यायचं. आई ओरडली की आम्ही सगळे खाटेवर." तो ओशाळून हसला. पाय मात्र खाली घेतले नाहीत. हा गाढव कोर्टात काय दिवे लावणार, या विचाराने मला त्याची किळस आली.

निघताना माझे बूट दाराशी नव्हते. ते आतल्या खोलीत, भिंतीशी आडवे पडले होते. कोरडे. हेमांगी जागेवरून हलली नव्हती.

कोर्टाची तारीखही नेमकी अमावास्येला आली. असल्या गोष्टी मी बघत नाही. दुपारी व्हिडिओ दाखवून झाला. हेमांगीचा वकील बोलायला उभा राहिला आणि मी खाली बसलो.

थोड्या वेळाने न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?"

कोर्टात हशा पिकला. मी खाली बघितलं.

माझे दोन्ही पाय खुर्चीवर होते.

मागच्या बाकावर दिपेशचेही वर होते. हेमांगीचेही.

"पाय खाली घ्या," न्यायाधीश मला म्हणाले.

"नका घेऊ, साहेब," मागून दिपेश पुटपुटला.

त्या मूर्खाचं मी ऐकणार? मी पाय खाली टेकवले.

बुटात गार पाणी शिरलं.